खुणेच्या चिंध्या

६ मे, बुधवार

डॉक्टर म्हणाले, रोज काय घडलं ते लिहून ठेवा, म्हणजे काय विसरता ते कळेल. डोंबल कळणार. जे विसरेन ते मी लिहीन कसं? तिथेच विचारणार होते, पण मायलीसने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. लेक आहे माझी, पण एल्को शहरात राहायला गेल्यापासून चारचौघांत तिला माझी लाज वाटते.

तर डॉक्टरांसाठी लिहिते. नाव ग्रासियाना. बासष्ट संपली. जन्म मेंढपाळांच्या खाणावळीत, लग्न मेंढपाळाशी. नवरा बेत्तिरी तीन वर्षांपूर्वी गेला. मेंढरं आता माझा दीर गानिश बघतो. घरात मी आणि चिस्पा कुत्री.

माझे गुन्हे: एकदा घेवडा करपला. एकदा गाडीची चावी चिस्पाच्या भाकरीच्या डब्यात सापडली. आणि फेब्रुवारीत मायलीस आली तेव्हा मी बेत्तिरीचं ताट मांडून बसले होते. चाळीस वर्षांची सवय हाताची, त्याला डोकं काय करणार. पण मायलीसचा चेहरा पांढराफटक पडला. कारण माझी आई, आमची अमा, शेवटी असंच करायची. मरून गेलेल्या गड्यांची पानं मांडायची खाणावळीत. मग एक दिवस मला विचारलं, तू कोणाची गं?

ते मी विसरलेले नाही, डॉक्टर. रोज आठवतं.

मायलीसशी ठरलंय ते असं. जळालेल्या उतारावर पेरायला खारझुडपांचं बी द्यायचं मी मेंढीवाल्यांच्या सभेत उभी राहून कबूल केलंय. थंडीच्या आत ते गोळा करून दिलं, तर मी माझ्या घरात राहणार. त्यात घोटाळा केला, तर सामान बांधून एल्कोला. मी हो म्हटलं. घोटाळा कसला होणार आहे त्यात.

९ मे, शनिवार

बर्निसला घेऊन पूर्वेच्या उतारावर गेले. बर्निस शोशोनी, इथल्या मूळच्या लोकांतली, पलीकडच्या वस्तीवर राहते, शाळेपासूनची माझी मैत्रीण. सभेतले लोक तिला विचारत होते की तुमच्यात पूर्वी हे बी कसं गोळा करायचे. ती म्हणाली, "माझी आजी हे दळून खायची म्हणे. मी दुकानातून पीठ आणते. दुकान असतं तर आजीही तिथेच गेली असती."

पश्चिमेचा उतार अजून काळाच आहे. गेल्या ऑगस्टात वीज पडली आणि सगळं खारझुडपांचं रान जळालं. गवत बर्फाखाली गाडलं जातं तेव्हा मेंढरं त्या झुडपांवर तगतात. तिथे पुन्हा पेरायला बी हवं, आणि ते याच खोऱ्यातलं हवं, लांबचं इथल्या थंडीत टिकत नाही.

बर्निसला सगळी झुडपं राखाडीच दिसतात. तिला पुन्हा शिकवलं. पान चुरडायचं. वास नाकात गेला तर सेज, सोडून द्यायची. हिरवंगार आणि खोड पांढरं असेल तर ग्रीसवूड, उपाशी मेंढरू त्यावर तुटून पडलं तर आडवं होतं. वास नाही, तर पान जिभेवर ठेवायचं. मीठ लागलं की खारझुडूप. मग काटा बघायचा. काट्याचं ते ठेंगणं, त्याच्या बियांना दोनच पंख. बिनकाट्याचं, कमरेच्या वर आलेलं, लांबट पानाचं, ते आपलं चौपंखी.

"बाई का बुवा ते कसं ओळखायचं?" तिने विचारलं.

चौपंखीत बाई वेगळी, बुवा वेगळा. बुवाला जूनमध्ये पिवळे तुरे येतात, वाऱ्यावर धूळ सोडतात, आणि झालं त्यांचं काम. बाईचं फूल डोळ्यांना दिसत नाही, पण ऑक्टोबरात ती पंखवाल्या बियांनी वाकते. आत्ता मे महिन्यात दोघं सारखीच, काही कळत नाही. म्हणून तर मी गेल्या ऑक्टोबरात खुणा करून ठेवल्या. मेंढीला जुळी झाली आणि दोन्ही तिने जगवली, तर आम्ही तिच्या पाठीवर लाल पट्टा ओढतो. जिला काही झालं नाही तिला खडूची रेघ, आणि ती दुसऱ्या फाटकातून बाहेर. मी तेच केलं. ज्या झुडपांवर सगळ्यांत जास्त बी लगडलं होतं, त्यांना बेत्तिरीच्या लाल चौकडीच्या सदऱ्यांच्या चिंध्या बांधल्या. नमुन्यासाठी तेव्हा पोतंभर बी ओरबाडून आणलं होतं. सभेत तेच दाखवलं.

आज सगळ्या चिंध्या जागच्या जागी. वाऱ्यावर फडफडत होत्या. लांबून वाटलं, बेत्तिरीच उतारावर जागोजागी उभा आहे. हे डॉक्टरांसाठी नाही लिहिलेलं.

१७ मे, रविवार

गानिश जेवायला आला. मटण, लसूण, घेवडा, आणि खड्ड्यात निखाऱ्यांवर भाजलेला मोठा पाव. पावावर सुरीने क्रूस काढला, पहिला तुकडा चिस्पाला टाकला. बेत्तिरी म्हणायचा, कळप ती राखते, आपण नुसते शिट्ट्या मारतो.

"वहिनी, झुडपांना सदरे घातलेत म्हणे. आता टोप्या घालणार का?" गानिश म्हणाला.

"तुझा एखादा सदरा दे, धुतलेला असेल तर."

"धुतलेला नाही."

"मग राहू दे, झुडपं मरतील."

हसला. मग गंभीर झाला. यंदा बर्फ नावाला पडलं, आणि जळालेल्या उतारावर नुसतं निकामी रानगवत उगवलंय. या वर्षी पेरलं नाही तर ते सगळं बळकावून बसेल, मग पेरून उपयोग नाही. "तुमच्यावर आहे बघा," म्हणाला. चांगलं वाटलं. बऱ्याच दिवसांत कोणी काही माझ्यावर टाकलं नव्हतं.

दुपारी मायलीसचा फोन. आवाज बसलेला. सर्दी म्हणाली. मे महिन्यात कसली सर्दी? मागे तिची जुळी किंचाळत होती आणि थोरली काहीतरी वाजवत होती. जावई खाणीवर, पंधरा पंधरा दिवस घरी नसतो. मी म्हटलं, "तुला तीन आहेत, माझ्या अमाला सात होती आणि वर वीस गड्यांचा स्वयंपाक." बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अमा, तू इथे आलीस तर बरं होईल." झालं. फिरून फिरून गाडी तिथेच.

२ जून, मंगळवार

ओढ्याच्या काठाने गेले होते. मागे कधीतरी लोंढा आला तेव्हा काठ उभा चिरला गेलाय. वर एक चौपंखी, माझ्या छातीएवढं. आणि त्याचं मूळ त्या चिरलेल्या भिंतीतून खाली उतरलंय. मी वाळक्या ओढ्यात उतरून उभी राहिले. मूळ माझ्या डोक्याच्या वरून येत होतं, पायांपर्यंत येत होतं, आणि तिथेही संपत नव्हतं, आणखी खाली जमिनीत शिरत होतं. खाली कुठेतरी पाणी आहे हे त्याला ठाऊक. आम्हाला विहिरीसाठी यंत्र आणावं लागलं होतं.

पान तोडून बघितलं. अंगावर बारीक चंदेरी भुकटी, जणू कोणी मीठ पेरलंय. खालचं खारं पाणी पिऊन मीठ कातडीवर आणून ठेवतं आणि त्याचीच सावली करून घेतं. आयुष्यभर यांच्यात वावरले, मेंढरांचा चारा म्हणूनच बघितलं. आज टोपी काढावीशी वाटली. काढली. बघायला चिस्पाशिवाय कोण होतं.

१२ जून, शुक्रवार

आल्या आल्या लिहायला बसले.

सकाळी उतारावर गेले. हवा छान होती. पहिल्या चिंधीपाशी गेले, झुडपाला हात लावला, हात पिवळा झाला.

तुरे. टोकाटोकाला पिवळे तुरे. बुवा.

म्हटलं, एखादी चुकली असेल, गर्दीत शेजारच्या झुडपाला बांधली असेल. पुढच्याकडे गेले. पिवळं. त्याच्या पुढचं, पिवळं. ओढ्यापलीकडचं, जे मला पक्कं आठवतं, ज्याच्या खाली बसून मी पाव खाल्ला होता आणि बिया माझ्या केसांत पडत होत्या, त्याला धक्का लागला तर पिवळी धूळ उडाली आणि चिस्पा शिंकली.

दोनचार झुडपं तेवढी बाया निघाली. बाकी झाडून सगळी बुवा.

बिया केसांत पडत होत्या हे मला आठवतंय. स्पष्ट आठवतंय. अमालाही ते मेलेले गडी स्पष्टच दिसायचे.

१३ जून, शनिवार

पुन्हा जाऊन बघितलं. तेच.

खाली जमीन धुंडाळली, गेल्या वर्षीचे पंख पडलेले सापडतील म्हणून. काही नाही. मुंग्या, उंदीर, वारा, काय ठेवतात? फांद्यांवरही काही नाही, मीच तर ओरबाडून घेतलं होतं. का घेतलं नव्हतं? पोतंभर बी तर सभेत दाखवलं, ते कुठून आणलं? दुसऱ्याच झुडपांवरून आणलं असेल आणि चिंध्या भलत्यांना बांधत फिरले असेन. दिवसभर. खुशीत.



१५ जून, सोमवार

जे केलं ते लिहिते, झाकणार नाही.

लोकर कातरायची कात्री घेऊन गेले. गाठी उन्हापावसात दगड झाल्या होत्या, सुटेनात, म्हणून डहाळीसकट कापल्या. बादलीत टाकल्या. मग ज्या झुडपांवर तुरे नाहीत, पानांच्या बगलेत बाईचं बारीक फूल दिसतंय, त्यांना नव्या चिंध्या बांधल्या. त्यासाठी बेत्तिरीचा शेवटचा सदरा फाडला. तो मी ठेवून दिला होता. कोरड्या तळ्याजवळचं एक झुडूप तेवढं राहिलं, हात दुखायला लागले होते.

म्हणजे ऑक्टोबरात बी मिळणार. गानिशला कळणार नाही, बर्निसला नाही, कोणालाच नाही. घरी आले, बादली परसात ठेवली. जाळून टाकणार होते, पण वारा होता, आणि या खोऱ्यात आता कोणी वाऱ्याचं काही जाळत नाही.

हात धुताना अमा आठवली. तीही अशीच झाकायची. तुझं नाव मला ठाऊक आहे गं, तूच सांग बघू, असं लाडात म्हणायची. आम्ही हसायचो. तिला नाव आठवत नसायचं.

नळ तसाच वाहत ठेवून मायलीसला फोन केला. म्हटलं, "ये, मला घेऊन जा." तिने का विचारलं नाही. नुसतं "थँक यू अमा" म्हणाली. आईचं डोकं गेलं तर कोणी आभार मानतं का?

रविवारी येते आहे.

१८ जून, गुरुवार

बर्निस अंडी द्यायला आली आणि दारातली खोकी बघितली.

"कुठे निघालीस?"

"एल्कोला. माझं डोकं गेलंय."

"ते जाग्यावर कधी होतं? आत्ताच काय झालं?"

सांगितलं सगळं. चिंध्या हलवल्या तेही. ती खोक्यावर बसली.

"अगं पण ऑक्टोबरात मी होते ना बरोबर. पोतं मीच धरलं होतं."

"पोतं धरून तोंड चालवत होतीस. झुडपाकडे एकदा तरी बघितलंस?"

विचार करून म्हणाली, "नाही. ते खरं."

मग म्हणाली, "मला दाखव. मी आंधळ्यासारखी तुझ्या मागे फिरले, निदान आता बघते तरी." मी नको म्हणत होते. तिने माझी टोपी आणून माझ्या डोक्यावर ठेवली.

तळ्याजवळच्या त्या राहिलेल्या झुडपापाशी गेलो. पिवळंजर्द. मी कात्री काढली तर बर्निसने हात धरला. "चांगलं कापड आहे. कापतेस कशाला?" खाली बसली आणि नखांनी गाठ सोडायला लागली. तिला कसलीच घाई नसते. मी पाठ करून उभी राहिले, मला बघवत नव्हतं.

"ग्रासी."

"सुटली का?"

"इकडे ये."

गाठ सुटली होती. चिंधी तिच्या मांडीवर. आणि गाठीच्या आत, कापडाखाली दबून राहिलेला गेल्या वर्षीचा एक वाळका देठ, त्याला बिया. चार पंखांच्या. वाऱ्याला मिळाल्या नव्हत्या, उंदरांना नाही, मला नाही. मी त्यांच्यावरूनच गाठ मारली होती.

"उडून येऊन अडकल्या असतील," मी म्हटलं. स्वतःलाच पटवायचं नव्हतं, पुन्हा तोंडघशी पडायची भीती वाटत होती.

बर्निसने देठ हलकेच ओढला. डहाळी हलली. पुन्हा ओढला, पुन्हा हलली. "हे इथूनच फुटलंय. बघ. हात लाव."

हात लावला. देठ त्याच डहाळीतून निघाला होता. आणि त्याच डहाळीतून, बोटभर खाली, यंदाचा कोवळा कोंब निघाला होता. त्याच्या टोकाला पिवळा तुरा. एकाच लाकडावर गेल्या वर्षीची आई आणि या वर्षीचा बाप.

"म्हणजे बाईच होतं हे," बर्निस म्हणाली.

"हो."

"आणि आता नाही."

"नाही."

बर्निस गप्प राहिली हे डॉक्टरांनी खास लिहून घ्यावं. मला रडू येत होतं की हसू तेच समजेना. माझं डोकं ठीक आहे, हे सुचायलासुद्धा वेळ लागला, कारण त्याआधी हे समोरचं होतं. इतकी वर्षं यांच्यातून मेंढरं हाकली. इथेच, पायांशी, ही मुकाट्याने असं काही करत होती, आणि कोणी मान वळवून बघितलं नाही. मेंढीला एकदा पट्टा ओढला की ती मरेपर्यंत मेंढीच. आम्हाला वाटलं सगळं जग तसंच.

बर्निस म्हणाली, "माझ्या आजीला ठाऊक असेल का?"

"असेल."

"मला कधी बोलली नाही. मीच विचारलं नसेल." चिंधी घडी घालून तिने माझ्या हातात दिली.

१९ जून, शुक्रवार

सकाळीच बादली आठवली. बरं झालं जाळली नाही. परसातल्या पायरीवर बसून एकेक गाठ सुईने सोडली. बर्निसही आली, मदतीला नाही, बघायला.

गाठीगाठीत बिया निघाल्या. कशात मोडलेला एखादाच पंख, कशात अख्खा घोस. आणि प्रत्येक डहाळीवर सुकलेला पिवळा तुरा. ओळीने मांडल्या. चिस्पा हुंगून गेली.

मग बसल्या बसल्या लक्षात आलं. मी चिंध्या कोणाला बांधल्या होत्या? ज्यांनी सगळ्यांत जास्त दिलं होतं त्यांना. त्यांच्यावर मग तो कोरडा हिवाळा गेला. आणि नेमक्या त्यांनीच यंदा अंग काढून घेतलं. जी गेल्या वर्षी बेताने लागली होती, बिनचिंधीची, ती झुडपं अजून बायाच आहेत. त्यांच्यावर बी धरेल. गानिशला बी मिळेल.

मरून नाही गेली ती. वाळली नाहीत. एक वर्ष आई व्हायचं नाही एवढंच ठरवलं, आणि वाऱ्यावर हलकी धूळ सोडत उभी राहिली. कोणी शिकवलं असेल? कुणाला विचारलं असेल त्यांनी?

अमा मला म्हणाली होती, मला पोरंबाळं नाहीत बाई, तुम्ही चुकून आलात. आम्ही सगळी भावंडं रडलो होतो. आज पहिल्यांदाच आठवलं, ते म्हणताना तिचा चेहरा किती शांत होता.

मायलीसला फोन केला, येऊ नकोस म्हणायला. तिने उचलला नाही. पुन्हा केला. नाही.

२१ जून, रविवार

आली. एकटीच, मुलांना सासूकडे दोन दिवस ठेवून. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले. एके काळी हिच्या वेणीला मला अर्धा तास लागायचा. खोकी उचलायलाच लागली. मी म्हटलं, "थांब. आधी तुला काहीतरी दाखवायचंय."

"अमा, मला झुडपं नको दाखवूस."

"झुडूपच दाखवणार आहे."

गाडीत बसवलं. तळ्याजवळ नेलं. ती डहाळी दाखवली, देठ दाखवला, तुरा दाखवला. आधी तिचं लक्ष नव्हतं, माझं तोंडच बघत होती, मी भ्रमात आहे की काय म्हणून. मग खाली बसली. देठ बोटांनी चाचपला. वर बघितलं, खाली बघितलं. घरच्या सगळ्या गाठी मी रुमालात बांधून आणल्या होत्या, त्याही उघडून दाखवल्या. एकेक हातात घेऊन बघितली.

"हीच सगळ्यांत जास्त लागली होती?"

"हीच. वाकली होती नुसती."

"आणि या वर्षी काहीच नाही."

"काहीच नाही."

"कोणी काही बोलत नाही हिला?"

"कोण बोलणार? वारा?"

हसली. किती दिवसांनी ऐकलं ते हसू. मग विचारलं, "परत आई होते का ही?"

"मला काय ठाऊक, आत्ता परवा तर कळलं मला. बर्फ चांगलं पडलं तर होईलही."

"आणि नाही झाली तर?"

"नाही झाली तर नाही झाली. उभी तर आहे ना जाग्यावर."

यावर ती रडायला लागली. हुंदके देऊन. मला वाटलं, त्या पिवळ्या धुळीचा त्रास झाला, तिला लहानपणी व्हायचा. पाण्याची बाटली दिली. ती माझ्या कमरेला धरून बसली आणि सोडेना. मी म्हटलं, "अगं, माझं डोकं ठीक आहे, त्यात रडायचं काय?" तर "हो अमा, तुझं ठीक आहे," म्हणाली आणि आणखीच रडली.

खोकी दारातच आहेत. उद्या बोलू म्हणाली.

२२ जून, सोमवार

मायलीस झोपली आहे. काल बेत्तिरीच्या पलंगावर आडवी झाली ती झालीच. सकाळी मला वाटलं ताप आला, कपाळाला हात लावून बघितला. नव्हता. चिस्पा तिच्या पायांशी जाऊन निजली, माझ्याही पायांशी ती कधी निजत नाही.

अकरा वाजता तिच्या सासूचा फोन आला.

"जुळी ऐकत नाहीत हो. मायलीस कधी निघतेय?"

"झोपलीय ती."

"अकरा वाजता? बरं नाही का तिला?"

बरी आहे म्हणणार होते. पण उघड्या दारातून मायलीस दिसत होती. तोंड उघडं, हात खाली लोंबता, लहानपणी मेंढरांच्या गाडीत झोपायची तशी. मे महिन्यातली सर्दी. मी सात पोरांचा हिशेब ऐकवला तेव्हाची ती शांतता. "थँक यू अमा." मला वाटत होतं ती मला सांभाळायला नेते आहे.

किती बावळट असावं माणसाने. झुडपाचं ओळखलं आणि पोटच्या पोरीचं नाही. बर्निसला सांगितलं तर ती वर्षभर पुरवून बोलेल.

"झोपू दे तिला," मी तिच्या सासूला सांगितलं. "मुलांना आजचा दिवस सांभाळा, नाहीतर माझ्याकडे धाडा." ती काहीतरी पुटपुटली. मी फोन ठेवला.

पाव भाजला. क्रूस काढला. पहिला तुकडा चिस्पाचा, पण ती उठायला तयार नाही, म्हणून पलंगाशी नेऊन दिला. मायलीसला जेवायला उठवली नाही.

२३ जून, मंगळवार

काल संध्याकाळी उठली आणि उभ्या उभ्याच अर्धा पाव खाल्ला. मी म्हटलं, "या उन्हाळ्यात तू काही करायचं नाहीस." म्हणाली, "अमा, तीन पोरं आहेत मला." मी म्हटलं, "मला ठाऊक आहे किती आहेत. नावंही ठाऊक आहेत, सांगू?"

सकाळी तळ्याजवळ जाऊन ती चिंधी त्याच झुडपाला पुन्हा बांधली. यावेळी सैल, फास न देता. खूण म्हणून नाही. पुढच्या वर्षी काय करतंय ते बघायचं आहे.

खोकी उघडून सामान लावलं. एक पिशवी तेवढी भरलेली ठेवली. डॉक्टरांची भेट गुरुवारी आहे, ती टाळणार नाही, ही वहीही नेईन, वाचू देत. बर्निस चिस्पाला बघणार आहे, आणि तिनेच आणून दिलेली अंडीही खाणार आहे.

दुपारी मायलीसच्या गाडीतून एल्कोला जाते आहे. राहायला नाही. मुलांना इकडे आणायला.